डावा पुढचा टायर आतूनच का झिजतो? तीन टायर घालवल्यावर सापडलेलं कारण

तिसऱ्या वेळी टायरवाल्यानं गाडी वर उचलली, डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "आतनं खाऊलालंय की ओ हे." वाकून बघितलं तर आतल्या कडेला रबर संपून तारा दिसायला लागल्या होत्या. बाहेरून मात्र टायर ठणठणीत. दारात उभी असलेली गाडी बघून कुणी म्हटलं नसतं की हा टायर कधीही फुटेल. त्याच टायरवर मी दोन दिवसांपूर्वी चोर्ला घाट उतरून आलो होतो, मागे आई आणि दोन पोरं बसलेली.

गाडी छोटी हॅचबॅक, टायरचं माप १६५/८० आर १४. रोजचा रस्ता खानापूर ते बेळगावचं उद्यमबाग, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. शिवाय महिन्यातून दोनदा जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करून गोव्यात साखळीला बहिणीकडे. अशा वापरात टायर ४० हजार किलोमीटर तरी चालायला हवा. माझा डावा पुढचा पहिल्यांदा १८ हजारांत गेला, दुसऱ्यांदा १६ हजारांत आणि आता तिसऱ्यांदा १७ हजारांत. दर वेळी तोच कोपरा, तीच आतली कड. आणि आधीच्या दोन्ही वेळी मी काय केलं? नवा टायर घातला, अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली, पैसे दिले आणि घरी आलो.

लाज वाटायचं कारण असं की माझं काम फाउंड्रीत माल तपासायचं आहे. एकाच जागी एकच दोष तीन कास्टिंगमध्ये आला तर आम्ही कास्टिंग फेकून गप्प बसत नाही, पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, काढून बघतो. स्वतःच्या गाडीला मात्र हा नियम लावायला मला तीन टायर लागले. ज्यांचा टायर असाच परत परत एकाच जागी जातोय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

जुना टायर टाकायच्या आधी वाचा

दुकानदार जुना टायर काढून कोपऱ्यात भिरकावतो. थांबवा त्याला. गाडीच्या पुढच्या भागात काय बिघडलंय ते त्या टायरवर उमटलेलं असतं.

मधला पट्टा झिजलाय आणि दोन्ही कडा शाबूत, तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्यात आणि मध्ये नक्षी शिल्लक, तर हवा कमी होती. हे दोन्ही सोपे. कडेनं खड्डे पडल्यासारखे, एक उंच एक खोल असे डाग असतील तर शॉक ॲब्सॉर्बर संपलेत, चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. अशा टायरचा हायवेवर घूं-घूं आवाज येतो आणि लोक बेअरिंग बदलत बसतात.

एकाच कडेची झीज असेल तर तळहात लावून बघायचं. टायरवरून हात आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागत असेल तर 'टो' चुकलाय, म्हणजे वरून बघितलं तर दोन्ही पुढची चाकं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर वळलेली आहेत. चाक सरळ गडगडायच्या ऐवजी थोडं घासत जातं, म्हणून ती करवत. दोन्ही दिशांनी हात गुळगुळीत फिरला आणि तरी एकच कड संपली असेल तर 'कँबर'वर संशय घ्या, म्हणजे समोरून बघितलं तर चाक उभं नाही, वरचा भाग आत झुकलाय.

यात एक गोम आहे आणि ती मला कुणीच सांगितली नव्हती. पुढचा टो चुकलेला असेल तर झीज सहसा दोन्ही पुढच्या टायरवर दिसते. गाडी सरळ चालताना स्टिअरिंग आपोआप असं जाऊन बसतं की ती चूक दोन्ही चाकांत वाटली जाते. एकच चाक खाल्लं जातंय आणि दुसरं निवांत आहे, तर त्या चाकापाशीच काहीतरी वाकलंय, फाटलंय किंवा ढिलं झालंय. माझा उजवा टायर नियमानं झिजत होता. पहिल्याच टायरला एवढं कळलं असतं तर पुढचे दोन वाचले असते.

आतली कड दिसत नाही हा या रोगाचा खरा कावा. पाच मिनिटांचा उपाय आहे: गाडी उभी करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा, मोबाईल चाकाच्या मागे घालून फोटो काढा. मग दुसऱ्या बाजूला फिरवून दुसऱ्या चाकाचा. नक्षीच्या खोल चरांत रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय किंवा बाण अशी खूण असते. झीज त्या उंचवट्यांना टेकली की नक्षी १.६ मिलिमीटर उरलेली असते आणि टायर कायद्यानंही बाद होतो. कुठल्याही एका पट्ट्यात टेकली तरी बाद. आमच्याकडच्या पावसात मी ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. चरांतून पाणी बाहेर पडायला जागाच उरली नाही तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो, मग ब्रेकही ऐकत नाही आणि स्टिअरिंगही.

अलाइनमेंट करूनही उपयोग का झाला नाही

अलाइनमेंटच्या दुकानातून मिळालेले जुने कागद सुदैवानं डॅशबोर्डच्या कप्प्यात होते. तीन कागद शेजारी ठेवले. तिन्हींवर टो हिरवा, म्हणजे बरोबर. तिन्हींवर डावा कँबर लाल. डावं चाक वजा १ अंश ५० मिनिटं (६० मिनिटांचा एक अंश), उजवं वजा ० अंश २५ मिनिटं. हा आकडा तीन वेळा माझ्या हातात दिला गेला आणि तीन वेळा मी घडी घालून ठेवला. एकदा विचारलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं, "कँबर ॲडजस्ट होत नाही सर, कंपनी सेटिंग आहे."

उत्तर खोटं नव्हतं. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे कँबरला वेगळा स्क्रू नसतो, मशीनवर टो तेवढा फिरवता येतो. पण जे फिरवता येत नाही ते आपोआप बदललं असेल तर कुठला तरी भाग वाकलाय, हा त्याचा अर्थ. डाव्या-उजव्यात अर्ध्या-पाऊण अंशाहून जास्त फरक दिसला की तिथेच थांबून कारण विचारायचं. म्हणून पहिली गोष्ट: कागद मागून घ्या, टो बघून समाधान मानू नका, कँबरच्या ओळीत दोन्ही चाकं शेजारी ठेवून वाचा.

दुसरी भानगड मशीनला दिसतच नाही. गाडी स्टँडवर उभी असते, शांत. ब्रेक लागत नाही, खड्डा येत नाही. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याचा, मागचा रबरी बुश फाटलेला असेल तरी उभ्या गाडीत चाक आपल्या जागी बसलेलं असतं आणि आकडे हिरवे येतात. रस्त्यावर ब्रेक दाबला की आर्म मागे सरकतो, चाक तिरकं होतं, टायर घासतो, ब्रेक सोडला की परत जागेवर. चोर्ल्याच्या उतारावर हे शेकडो वेळा होतं.

खुणा होत्या, मीच लक्ष दिलं नाही. ब्रेक जोरात लावला की गाडी किंचित डावीकडे ओढायची. तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला स्पीडब्रेकरवरून हळू जाताना डावीकडून 'टक्' असा एकच आवाज यायचा. मी तो जॅकचा आवाज समजत होतो.

शेवटी आमच्याच गावातल्या जुन्या मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांच्याकडे मशीन नाही, एक जॅक, दोन लाकडी ठोकळे आणि एक टामी, म्हणजे लोखंडी पहार. चाक वर उचलून आधी घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवलं, मग ९ आणि ३ वर. पहिल्यात खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, दुसऱ्यात असेल तर टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) एंड. दोन्हींत काही नव्हतं. मग टामी लोअर आर्म आणि चेसिसच्या मध्ये घालून दाबली, आणि आर्म बोटभर सरकला. बुशचं रबर अर्ध्या गोलात फाटलेलं, चिखलानं भरून गेल्यामुळे वरून दिसत नव्हतं. वर स्ट्रट, म्हणजे चाकाला वरून धरणारा शॉक ॲब्सॉर्बरचा खांब, पुसून बघितला तर तेल पाझरलेलं, आणि उजव्याच्या शेजारी धरून बघितल्यावर दांडा वाकलेला. मेस्त्री एवढंच म्हणाले, "टायर कशाला बदललास बाळा दोनदा, हे बदलायचं होतं."

दोन्ही बाजूंचे बुश, दोन्ही पुढचे स्ट्रट त्यांच्या वरच्या माउंटसकट बदलले. एकच बाजू बदलायचा मोह होतो, पण एक स्ट्रट नवा आणि एक जुना ठेवला की गाडी वळणावर वेगळं वागते. सगळा खर्च साधारण दोन टायरच्या किमतीत बसला. त्यानंतर अलाइनमेंट केली. आधी भाग बदलायचे, मग अलाइनमेंट. उलटं केलं तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात. नव्या कागदावर डावा कँबर वजा ० अंश ३० मिनिटं आला.

डावाच का

हे कोडं बरेच दिवस डोक्यात होतं. मग एका रविवारी जांबोटीच्या रस्त्यानं जाताना उत्तर समोरूनच आलं, दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. रस्ता अरुंद, म्हणून मी नेहमीसारखा डावीकडे दाबलो आणि डावी चाकं डांबरावरून खाली साइडपट्टीवर उतरली. धाड. तिथे डांबराची कड चांगली वीतभर उंच, पावसानं खालची लाल माती वाहून गेलेली. ट्रॅक्टर गेला, मी परत वर चढलो. धाड.

उसाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत, खानापूर तालुक्यात काय किंवा हुक्केरी, चिक्कोडी, रायबागकडे काय, अरुंद रस्त्यावर हे दिवसात किती वेळा होतं ते मोजून बघा. उजव्या चाकाला हा मार नाही. बेळगाव-खानापूर हायवे आता रुंद झालाय, तिथे हा त्रास उरला नाही. पण आतल्या रस्त्यांवर साइड देताना आता मी आधीच वेग पार कमी करतो आणि कड तिरकी ओलांडण्यापेक्षा शक्य तिथे थांबूनच वाट देतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे.

रोटेशनबद्दल एक उलटी गोष्ट. दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरच्या जागा बदलायच्या, पुढच्या चाकावर ओढणाऱ्या गाडीत पुढचे सरळ मागे आणि मागचे फुली मारून (डावा उजवीकडे, उजवा डावीकडे) पुढे, हा सल्ला बरोबरच आहे आणि आता मी तो पाळतो. पण दोष असतानाच रोटेशन केलं असतं तर झीज चारी टायरवर वाटली गेली असती आणि कारण अजून वर्षभर लपलं असतं. आधी निदान, मग रोटेशन.

नवे टायर घेताना

कारण दूर झाल्यावरच टायर घेतले, आणि या वेळी चारी. उजवा पुढचा ५० हजारांच्या पलीकडे गेला होता, मागचे दोन सात वर्षांचे होऊन बाजूला बारीक भेगा पडलेल्या. आधी दोनदा मी एकटा डावा टायर बदलला होता, तीही चूकच होती. एका ॲक्सलवर एक नवा, एक झिजलेला असला की ब्रेक सारखा लागत नाही. निदान जोडी तरी बदलावी.

जोडीच घेत असाल तर नवी जोडी मागे घाला. इथे दुकानदाराशी वाद होतो, मीही घातलाय. "पुढचं चाक ओढतंय, नवा टायर पुढंच पाहिजे," असं तो म्हणणार. पण कणकुंबीच्या पावसात पुढचं चाक घसरलं तर गाडी वळणात सरळ जायला बघते, वेग कमी केला की ती ताब्यात येते. मागचं चाक घसरलं तर गाडीचं ढुंगण बाहेर येतं, आणि घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक मारला की अजूनच फिरते. घाटात ती फिरून कुठे जाईल ते सांगायला नको. म्हणून पकड मागे जास्त हवी.

मापाचा अर्थ एकदा समजून घ्या. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. हिशेब केला तर पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो. मला एका ठिकाणी "स्टॉकमध्ये आहे, दिसायला पण भारी" म्हणून १७५/६५ आर १४ दाखवला. रिमवर बसतो, पण त्याचा व्यास ५८३. म्हणजे गाडी १८ मिलिमीटर खाली बसणार आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा ६ टक्के जास्त दाखवणार. पुण्याच्या सोसायटीत चालेल, आमच्या रस्त्यावर ते १८ मिलिमीटर चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) घासायला पुरे. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला येणारा १८५/६५ आर १५ मात्र ६२१ मिलिमीटरचा असतो, तो १५ च्या रिमसकट चालतो. मापापुढचा आकडा-अक्षरही बघा: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. कंपनीनं दिलेल्या भार-आकड्याच्या खाली जायचं नाही.

तारीख चार आकड्यांत असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. ती कधी कधी टायरच्या आतल्या बाजूला येते, म्हणून बसवायच्या आधीच बघा. आपल्याला गोव्यातलं उसगाव जवळ, तिथे एमआरएफचा मोठा कारखाना; पण कारखाना जवळ म्हणून दुकानातला टायर ताजा असतोच असं नाही, कुठल्याही कंपनीचा असो. सहा महिन्यांच्या आतला मागावा, वर्षाच्या वरचा असेल तर मी घेत नाही. आणि घरी फारशी न चालणारी गाडी असेल तर नक्षी कितीही उरली तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी बाजूच्या भिंती तपासाव्यात. बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत, त्याला दुरुस्ती नाही.

बसवताना व्हॉल्व्ह नवे घालायला सांगा, बॅलन्सिंग करून घ्या आणि नट शेवटी हातपान्यानं आवळायला लावा. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर एकदा परत आवळा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर नवा टायर जरा निसरडा असतो, त्या काळात घाट नको. आणि ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर ते बॅलन्सिंगचं किंवा वाकड्या रिमचं दुखणं आहे, अलाइनमेंटचं नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून लोक भलत्याच कामाचे पैसे देतात.

हवेचं

पंपावर पोरगा कन्नडमध्ये विचारतो, "गाळी एष्टु?" (हवा किती?) आणि आपण सवयीनं सांगतो, "मूवत्तमूरु." ३३ हा आकडा माझ्या गाडीच्या दारातल्या पट्टीवर आहे म्हणून मी सांगतो. तुमच्या गाडीची पट्टी ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर दिसेल, टायरच्या बाजूवर छापलेला आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही.

हवा थंड टायरला बघायची. घाट उतरून साखळीत पोचल्यावर तपासली तर ३-४ पॉइंट जास्त दिसते, कारण टायर तापलेला असतो. तेव्हा सोडू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. सकाळी इथे ३३ भरलेला टायर गोव्यात बाहेरचा दाब जास्त असल्यानं थंड असताना सव्वा पॉइंट कमी दाखवायला हवा, पण तिथली गरमी तो जवळपास भरून काढते. म्हणून जाता-येता काही करायची गरज नाही. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, फुकट असेल तर घ्या.

दर आठवड्याला एकाच चाकाची हवा ४-५ पॉइंट उतरत असेल तर आधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी, मग रिमच्या कडेवर. लाल माती आणि गंज रिमच्या कडेला बसला की तिथूनही हवा निसटते. टायर उतरवून कड घासून घेतली की थांबते. उसाच्या दिवसांत बैलांच्या नालांचे खिळे रस्त्यावर पडलेले असतात, ते टायरमध्ये रुतून महिनाभर हळूहळू हवा सोडतात. पंक्चर मधल्या नक्षीत असेल तर काढता येतं, आतून मशरूम (छत्रीसारखं रबरी ठिगळ) लावून घेतलं तर उत्तम. बाजूच्या भिंतीत किंवा कडेला लागून असेल तर टायर गेला समजा.

नवे टायर घालून आता २६ हजार किलोमीटर झाले. फॅक्टरीतला डेप्थ गेज घरी आणून मागच्या रविवारी पुढचा डावा मोजला: बाहेर ४.६ मिलिमीटर, मध्ये ४.५, आत ४.४. उजवा तिन्ही ठिकाणी ४.५. दिवाळीला ऊस सुरू झाला की परत मोजेन.